ओळंबा

आमच्या लाइफ क्लासमध्ये मॉडेल जिथं उभं राहायचं त्या चौथऱ्याच्या वर, छताच्या हुकाला एक ओळंबा टांगलेला असायचा. गवंड्याकडे असतो तसाच. पितळेचा, खाली निमुळता होत गेलेला, सुती दोरीला बांधलेला. सरांनी तो रविवार पेठेतल्या बोहरी आळीतून आणला होता, बिजागऱ्या आणि नळाच्या तोट्या विकणाऱ्या एका दुकानातून. पंखा लावला की दोरी हलायची, म्हणून तो वर्ग चालू असताना पंखा बंद ठेवायचा असा नियम होता. एप्रिलच्या उकाड्यात कोळशानं काळे झालेले हात कपाळाला लागून सगळ्यांची तोंडं काळी व्हायची, पण पंख्याच्या बटणाला कुणी हात लावत नसे. चित्रकलेच्या पदवीची चार वर्षं मला आठवतात ती त्या दोरीच्या दोन बाजूंना. एका बाजूला मी आधी काढत होते ती माणसं, दुसऱ्या बाजूला नंतरची.

आधीच्या माणसांबद्दल आधी सांगते.

महाराष्ट्रातल्या शाळेत ज्या मुलाला चित्रकला बरी येते, त्याला एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटला बसवतात. कला संचालनालयाच्या या शासकीय रेखाकला परीक्षा. स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन. स्मरणचित्राला विषय ठरलेले असत: भाजी मंडई, बसथांबा, गणपती विसर्जन, पावसाळ्यातला रस्ता. धनकवडीहून सहकारनगरला मी ज्या बाईंच्या क्लासला चालत जायचे, त्यांनी आम्हाला चार माणसं शिकवली होती. टोपली घेतलेली बाई, छत्री धरलेला माणूस, पाठमोरा मुलगा आणि सायकल हातात धरून चालणारा दूधवाला. विषय कुठलाही येवो, ही चार माणसं मागं-पुढं, लहान-मोठी करून बसवायची. मंडईत छत्रीवाल्याची छत्री काढून पिशवी द्यायची, विसर्जनाला टोपलीवालीच्या हातात आरतीचं ताट. बाईंना मी दोष देत नाही. घड्याळ लावून परीक्षा घेतली की घड्याळाला पुरेल तेवढंच शिकवावं लागतं. दोन्ही परीक्षांत मला 'अ' श्रेणी मिळाली. पदवीच्या प्रवेश परीक्षेतही तीच चार माणसं माझ्या मदतीला आली आणि मी आत गेले.

बाबा तेव्हा पीएमटीतून पीएमपीएमएल झालेल्या बसवर कंडक्टर होते. २००७ मध्ये पुण्याची आणि पिंपरी-चिंचवडची बससेवा एक झाली, त्यानंतर दोन वर्षांनी मी कॉलेजला गेले. आई पोळी-भाजीचे डबे करायची. प्रवेशाच्या दिवशी पावती खिशात ठेवताना बाबांनी एकच विचारलं, "चार वर्षं चित्रं काढून पुढं काय?" रागानं नाही. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं, आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं.

पहिल्याच आठवड्यात सरांनी सांगितलं, कागद घ्या आणि मनानं पाच माणसं काढा. मी पंधरा मिनिटांत चार काढली, पाचवं म्हणून पाठमोऱ्या मुलाला पुन्हा एकदा उलटं केलं. शेडिंगही केलं. सर माझ्या बोर्डाशी थांबले. बराच वेळ काही बोलले नाहीत, मग वाकून म्हणाले, "ही माणसं उभी नाहीत गं. चिकटवलीत. यांचा भार कुठं आहे?"

मला प्रश्नच कळला नाही. भार म्हणजे टोपलीचा का, असं मी विचारलं. ते म्हणाले, "टोपलीचा राहू दे. तिचा स्वतःचा."

मग त्यांनी आम्हा सगळ्यांना उभं केलं. नुसतं उभं राहा, बोलू नका, दहा मिनिटं. पहिली दोन मिनिटं सगळे शाळेच्या प्रार्थनेला उभं राहिल्यासारखे. तिसऱ्या-चौथ्या मिनिटाला एकेकाचं कंबरेतून काहीतरी सैल व्हायला लागलं. एक गुडघा वाकला, एक खांदा उतरला. सर म्हणाले, "आता हलू नका. बघा, तुम्ही कशावर उभे आहात. विठोबा समचरण उभा आहे, दोन्ही पावलं सारखी. त्याला ते युगानुयुगं जमतं. माणसाला फार वेळ जमत नाही. माणूस एका पायावर उभा असतो आणि दुसरा पाय सोबतीला असतो."

ज्या पायावर भार असतो, त्या बाजूचं कंबरेचं हाड वर उचललं जातं. त्याच बाजूचा खांदा खाली येतो. पाठीचा कणा मधे वळण घेऊन दोघांची तडजोड करतो. आणि वर डोकं, चार-साडेचार, कुणाचं पाच किलोचं, म्हणजे घरी येणाऱ्या पिठाच्या पिशवीएवढं, ते या सगळ्याच्या माथ्यावर तोललेलं. गळ्याच्या खळीपासून ओळंबा सोडला तर तो भाराच्या पायाच्या घोट्याशी उतरतो. तिथं उतरत नसेल तर एक तर माणूस पडतोय, नाहीतर कशाला तरी टेकलाय, नाहीतर तुम्ही चुकलाय. इतकं साधं गणित. पण माझ्या टोपलीवालीला ओळंबा लावला तर तो तिच्या दोन पायांच्या बाहेर, मोकळ्या हवेत जात होता. अडीच वर्षं मी तिला काढत होते आणि एवढ्या काळात ती एकदाही जमिनीवर उभी राहिलेली नव्हती.

त्या वर्षी आम्ही काय केलं असेल तर तीस-तीस सेकंदांची चित्रं. चेहरा नाही, बोटं नाहीत, साडीच्या चुण्या नाहीत. डोक्यापासून भाराच्या टाचेपर्यंत एक रेघ, कंबरेची आणि खांद्याची तिरपी रेघ, बास. रोज साठ. कोऱ्या न्यूजप्रिंटचे गठ्ठे मी खांद्यावर आणायचे आणि आठवड्यात संपवायचे. घरी शेजारणी येऊन बघायच्या आणि आईला म्हणायच्या, हिला चित्रं काढायला शिकवतात की विसरायला? दिसायला ती चित्रं म्हणजे नुसत्या काड्या होत्या. पण त्यातली एखादी काडी उभी राहायची. कागदावर खरोखर उभी राहायची, आणि त्या क्षणी पोटात जे होतं ते मला अजूनही कुठल्या दुसऱ्या कामात झालेलं नाही.

कोळसा खोडायला सरांनी पावाचा मऊ भाग आणायला सांगितला होता. रबर येण्याआधी चित्रकार पावानंच खोडत. आईनं ते ऐकलं आणि पाव माझ्या हातातून काढून घेतला. "अन्नानं पुसायचं?" मी दुसऱ्या दिवशी जाऊन मळता येतो तसला खोडरबर विकत घेतला. सरांना खरं कारण सांगितलं. ते म्हणाले, आई बरोबर आहे.

आमच्या वर्गाला मॉडेल म्हणून ज्या बाई यायच्या त्यांना सगळे मावशी म्हणत. सकाळी दोन घरची धुणीभांडी करून त्या साडेनऊला हजर असायच्या. वीस मिनिटं उभं राहायचं, पाच मिनिटं विश्रांती, पुन्हा वीस. विश्रांतीला जाण्याआधी त्यांच्या पावलांभोवती खडूची रेघ मारायची, म्हणजे परत आल्यावर पाय नेमके तिथंच पडावेत. हे काम आम्ही आळीपाळीनं करायचो. कुणाच्या तरी पायांशी वाकून त्यांच्या टाचेभोवती, अंगठ्याभोवती खडू फिरवायचा. पहिल्यांदा मी ते केलं तेव्हा मावशींनी पाय मागं घेतला होता. एवढ्या शिकलेल्या घरची पोर पायाशी बसते म्हणून. मी म्हटलं, मावशी, माझी आई डबे करते. मग त्यांनी पाय पुढं केला.

दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीची गोष्ट. तीन दिवस चालणारी एकच पोझ होती. मी जीव ओतून काम केलं होतं. पेन्सिल हातभर लांब धरून, एक डोळा मिटून, डोक्याच्या मापानं सगळी उंची मोजली होती. साडेसात डोकी, अगदी बरोबर. सरांनी जाता जाता बघून मान हलवली होती. तिसऱ्या दिवशी विश्रांतीत मावशी चहाचा कप घेऊन माझ्यामागं येऊन उभ्या राहिल्या. त्याआधी त्या कधीही चित्रं बघायला आल्या नव्हत्या.

"पोरी, हा पाय माझा नाही."

मी म्हटलं, कुठला?

"हा डावा. तू मला डाव्यावर उभं केलंस. माझा डावा गुडघा गेलाय, सात-आठ वर्षं झाली. मी डाव्यावर कधीच उभी राहत नाही. उजव्यावर राहते आणि हा नुसता टेकवते."

मी चौथऱ्यावरच्या खडूच्या खुणा बघितल्या. वर ओळंबा होताच. तो उजव्या टाचेला जवळजवळ चिकटून उतरत होता. तीन दिवस तो माझ्या डोळ्यांसमोर होता. माझं काय झालं होतं ते मला नंतर कळलं: खिडकीचा उजेड डाव्या पायावर येत होता. तो पाय जास्त स्पष्ट दिसत होता, म्हणून मी तो जास्त ठळक काढला, आणि ठळक काढता काढता सगळी बाई त्याच्यावर उभी करून टाकली. मापं सगळी बरोबर होती आणि चित्र खोटं होतं.

मी सरांना जाऊन सांगितलं. त्यांना राग येईल असं वाटलं होतं, कारण त्यांचंही लक्ष चुकलं होतं. ते मावशींपाशी गेले आणि म्हणाले, "मावशी, उद्यापासून ब्रेकमध्ये सगळ्यांची चित्रं आधी तुम्ही बघायची, मग मी." आणि मावशी खरंच बघू लागल्या. चहा घेऊन एकेका बोर्डापाशी थांबायच्या. "इथं ताण नाही, इथं आहे," असं स्वतःच्या कमरेवर हात ठेवून दाखवायच्या. वर्गातल्या दोघा-तिघांना ते आवडलं नाही. मॉडेलनं मॉडेलसारखं राहावं, असं एकानं मला खाली कॅन्टीनमध्ये सांगितलं. मला तेव्हा त्याला नीट उत्तर देता आलं नाही. आज देता येईल. आम्ही जे बाहेरून ताडत होतो ते त्या आतून जाणत होत्या. त्या खोलीत त्या उभ्या राहण्यातल्या सगळ्यात जाणकार होत्या.

त्या वर्षीच्या वार्षिक प्रदर्शनात मावशींची अकरा चित्रं लागली. प्रत्येकाखाली विद्यार्थ्याचं नाव, वर्ष, माध्यम. मावशींचं नाव कुठंच नव्हतं, आणि ते कुणाच्याही लक्षात आलं नाही. माझ्याही नाही. आता येतं आणि लाज वाटते. इथंही मी ते लिहीत नाही, कारण त्यांना विचारलेलं नाही, आणि आता त्या कुठं आहेत हे मला शोधूनही सापडलेलं नाही.

बाहेरचं स्केचिंग सगळेच करतात. पुण्यातला चित्रकलेचा विद्यार्थी स्टेशन, स्वारगेट, मंडई, ओंकारेश्वर हे सगळं करूनच पुढं जातो. जंगली महाराज रस्त्यावर पाताळेश्वराच्या गोल नंदीमंडपाशी आम्ही किती रविवार काढले ते मोजता येणार नाहीत. बाराशे-तेराशे वर्षांपूर्वीचं ते लेणं. तिथले खांब काढताना सरांनी विचारलं होतं, हे खांब काय तोलून धरतायत? आम्ही म्हटलं, छत. ते म्हणाले, अखंड खडक कोरत कोरत खाली आलेत, छत आधीपासून तिथं होतंच. खांब नंतर मोकळे झाले. तरी कोरणाऱ्यानं ते भार घेतल्यासारखे का कोरले असतील? त्यावर आम्ही एस. बी. रोडपर्यंत वाद घालत चालत गेलो होतो.

पण मला सगळ्यात जास्त शिकवलं मार्केट यार्डानं. गुलटेकडीच्या भुसार विभागात सकाळी ट्रक खाली होत असतात. फळीवरून पाठीवर पोतं घेऊन उतरणारा हमाल हा ओळंब्याच्या गणिताचा सगळ्यात कठीण प्रश्न आहे. तिथं दोरी गळ्याच्या खळीतून सोडून काही हाती लागत नाही. माणूस पुढं झुकलेला, इतका की पोतं नसेल तर तोंडावर पडेल. भार त्याच्या अंगात नाही, पोत्यातही नाही, दोघांच्या मधे कुठंतरी आहे, आणि तिथून सोडलेला ओळंबा बरोबर त्याच्या पुढच्या पावलात उतरतो. म्हणजे पोतं नुसतं ओरखडून काढलं, त्याचं वजन मनात धरलं नाही, तर माणूस चुकतो. मी विचारलं तेव्हा एका हमालानं सांगितलं, "हे पन्नासचं आहे. आमच्या बापानं शंभराचं उचललंय." बाबा आढावांनी पुण्यात हमाल पंचायत उभी केली, आणि पोतं पन्नास किलोपेक्षा जड असू नये ही मागणी पंचायतीनं वर्षानुवर्षं लावून धरली. हे मला वाचून माहीत होतं. पण शंभर किलो म्हणजे पाठ किती वाकते हे त्या माणसानं मला तिथं उभ्या उभ्या, रिकाम्या पाठीनं करून दाखवलं. मी ते काढलं. पोतं नसलेला, शंभर किलोखाली वाकलेला माणूस. दुपारी त्यानंच मला 'कष्टाची भाकर'मध्ये नेऊन झुणका-भाकर खाऊ घातली आणि वही मागून घेऊन सगळी पानं बघितली.

तिसऱ्या वर्षी मी कसब्यात तांबट आळीत बसायला लागले. ठोक्यांचा आवाज इतका की एकमेकांशी बोलता येत नाही. मांडीखाली भांडं, पायानं ते फिरवायचं आणि हातोडीचा ठोका खांद्यातून यायचा. लायब्ररीत काहीतरी दुसरंच शोधताना मला त्या आळीचंच आडनाव असलेला एक चित्रकार सापडला: गंगाराम चिंतामण तांबट. सवाई माधवरावांच्या काळातला. पुण्याचा इंग्रज रेसिडेंट चार्ल्स मॅलेट यानं पेशव्यांना गळ घालून शनिवारवाड्यात चित्रकलेचं शिक्षण सुरू करवलं. स्कॉटिश चित्रकार जेम्स वेल्स १७९२ मध्ये पुण्यात आला, त्याच्या हाताखाली गंगारामनं काम केलं. मॅलेटसाठी त्यानं वेरूळच्या लेण्यांची चित्रं केली. आणि वेल्स येण्याच्या आधी, नोव्हेंबर १७९० मध्ये, त्यानं पेशव्यांच्या शिकारखान्यातला गेंडा काढला. ते चित्र आज अमेरिकेत, येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कला केंद्रात आहे.

शनिवारवाडा १८२८ च्या आगीत जळला. आम्ही त्याच्या उरलेल्या जोत्यांवर बसून दगड काढायचो, आणि आपल्या आधी इथं कुणीतरी ड्रॉइंग शिकलं होतं हे आम्हाला तोवर कुणीही सांगितलं नव्हतं. मला याचा राग येतो. पहिल्या वर्षी कलेच्या इतिहासात आम्हाला ड्यूररचा गेंडा शिकवला होता. १५१५ चा तो प्रसिद्ध लाकडी ठसा. तो गेंडा गुजरातच्या सुलतानानं दिलेला, जहाजानं लिस्बनला पोचलेला. ड्यूरर न्यूरेंबर्गमध्ये, त्यानं जनावर बघितलंच नाही. कुणाच्या तरी पत्रावरून आणि रेखाटनावरून त्यानं चिलखत घातल्यासारखा गेंडा केला, पाठीवर एक जास्तीचं छोटं शिंगही दिलं. अप्रतिम ठसा आहे, त्याबद्दल वाद नाही. पण त्याचं नातं मला माझ्या टोपलीवालीशी लागतं. गंगारामचा गेंडा पुण्यात होता आणि गंगाराम त्याच्यासमोर होता. त्याचं चित्र पडद्यावर मोठं करून मी आधी पाय बघितले. मला त्या पायांखाली जमीन आहे असं वाटलं. आमच्या अभ्यासक्रमात हा माणूस एका ओळीनंही नव्हता. परीक्षेत मी त्याच्यावर अर्धं पान लिहिलं, प्रश्न विचारलेला नसताना.

तिसऱ्या वर्षापासून आमचे ड्रॉइंगचे तास कमी होत गेले. संगणकाच्या खोलीला जागा हवी होती, मग लाइफ क्लास आठवड्यातून एका सकाळवर आला. ज्युरीच्या, म्हणजे परीक्षक चित्रं तपासत त्या वेळी फिनिशिंगला मार्क मिळायचे, आणि फिनिशिंग फोटोवरून उत्तम होतं. हळूहळू वर्गातली मुलं मोबाइलवर मॉडेलचा फोटो काढून घरी जाऊन चित्र पूर्ण करू लागली. मी त्याच्या विरोधात होते आणि आजही आहे, जुन्याचं प्रेम म्हणून नाही. जवळून काढलेल्या फोटोत डोकं मोठं आणि पावलं बारीक येतात, हे तर आहेच. ते मोजून दुरुस्त करता येतं. पण फोटो एका क्षणाचा असतो, आणि उभं राहणं क्षणाचं नसतं. वीस मिनिटांत माणूस शंभरदा किंचित ढळतो आणि शंभरदा सावरतो. त्या सगळ्या सावरण्याची सरासरी म्हणजे त्याचा भार. ती सरासरी काढायला वीस मिनिटं तिथं थांबावंच लागतं. मावशींचा दुखरा गुडघा फोटोत आलाच नसता. मी थांबूनही चुकले होते, तरी चूक सांगायला त्या समोर होत्या.

याच काळात मी आईला काढायला लागले. ती पहाटे चारला उठायची आणि साडेसातपर्यंत ओट्याशी उभी असायची. सव्वाशे पोळ्या. मी दारात पाटावर बसायचे. मला वाटायचं, आईला मी ओळखते. पण ती पोळ्या लाटताना उजव्या पायावर उभी असते आणि डाव्या पायाचा तळवा उजव्या पोटरीला टेकवते, बगळ्यासारखा, हे मी एकोणीस वर्षांत पाहिलंच नव्हतं. अठरा-वीस पोळ्या झाल्या की पाय बदलायची. लाटण्यावर जोर देताना टाच किंचित उचलली जायची, म्हणजे जोर हातातून नाही, घोट्यातून निघत होता. तिला मी हे सांगितलं तर म्हणाली, "मला काय माहीत. मी पोळ्या मोजते, पाय नाही." त्या चित्रांवर मला चौथ्या वर्षी चांगले मार्क मिळाले, पण मी ती सबमिशनमधून परत आणली आणि कपाटात ठेवली. पुढच्या दिवाळीत मी तिला उंच स्टूल आणून दिलं. तिनं त्यावर डबे रचून ठेवले.

बाबांना मात्र मला काढता आलं नाही.

प्रयत्न केला होता. दुसऱ्या वर्षी एक अख्खा दिवस मी त्यांच्या गाडीत शेवटच्या सीटवर बसून होते, स्वारगेट ते कात्रज आणि परत. एका हातात तिकिटं, दुसऱ्या हातात पंच, बगलेत चामडी पिशवी. दांडीला हात लावत नव्हते, कारण हात मोकळे नव्हते. गाडी वळायची, ब्रेक लागायचा, उभे प्रवासी एकमेकांवर कोसळायचे आणि बाबा तसेच. मला भाराचा पाय सापडेना. उजवा म्हणावा तर पुढच्या क्षणी डावा. माझ्या हातातली पेन्सिल गाडीबरोबर उडत होती, कागदावर नुसता गुंता. संध्याकाळी सरांना तो गुंता दाखवला. त्यांनी सांगितलं, हे सोडू नकोस. मी सोडलं. दुसरी कामं होती, मग पदवी झाली, मग शाळेच्या पुस्तकांना आणि मुलांच्या मासिकांना चित्रं काढण्याचं काम मिळालं, तेच अजून करते. बाबांच्या प्रश्नाचं उत्तर मी कधी दिलं नाही, पण वर्षाकाठी माझं चित्र असलेलं एखादं पुस्तक घरी येतं, आणि ते बाबा कपाटात काचेच्या बाजूला लावून ठेवतात.

ते निवृत्त होऊन तीन वर्षं झाली. मागच्या महिन्यात मी त्यांच्याबरोबर बँकेत गेले होते, पासबुक भरायला. लांब रांग. मी बाकावर बसले आणि सवयीनं रांगेतल्या माणसांचे पाय बघायला लागले. सगळे एकेका पायावर. कुणी भिंतीला टेकलेला, कुणी काउंटरवर कोपर ठेवलेला, एक आजी काठीला तिसरा पाय करून. आणि मधे बाबा. दोन पावलांत हातभर अंतर, गुडघे किंचित सैल, कंबर उजवीकडे झुकलेली नाही, डावीकडेही नाही. पंचवीस मिनिटं झाली तरी तसेच. फरशी हलत नव्हती. पण ती कधीही हलेल अशा बेतानं ते उभे होते. कुठल्याही एका पायाला सगळं देऊन टाकायचं नाही, एकतीस वर्षं. मी मनात गळ्याच्या खळीतून दोरी सोडली. ती दोन पावलांच्या बरोबर मधे उतरली.

घरी आल्यावर म्हटलं, बाबा, ओट्यापाशी जरा उभे राहा. ते म्हणाले, कसं? मी म्हटलं, कसंही. ते तसेच उभे राहिले. आई म्हणाली, माझ्या वाटेत नको. मग थोडं सरकले. मी बोर्ड मांडीवर घेतला. बऱ्याच वर्षांनी हात कापत होता, पहिला कागद गेला. दुसऱ्यावर पायांपासून सुरुवात केली, वर जाऊ दिलंच नाही, आधी पावलं, घोटे, पोटऱ्यांवरच्या त्या गाठी आलेल्या निळ्या शिरा. वीसेक मिनिटांनी त्यांनी विचारलं, "झालं का? बसू?"

झालं नव्हतं. खडू शोधला, घरात नव्हता. आईच्या डब्यातून चिमूटभर रांगोळी घेतली आणि खाली बसून त्यांच्या पावलांभोवती सोडली. अंगठा, चवडा, टाच. बाबांनी पाय मागं घेतला नाही, नुसते खाली बघत राहिले. मग जपून, रांगोळी न विस्कटता, एकेक पाऊल बाहेर काढलं आणि खुर्चीत जाऊन बसले. आईनं चहा दिला. ती भांडी घासताना त्या दोन पावलांना वळसा घालून जात-येत होती.

चहा संपला. कप खाली ठेवून बाबा उठले, चष्मा वर सरकवला, आणि मी काही म्हणायच्या आत आपले पाय त्या खुणांमध्ये ठेवून उभे राहिले.